डावी पाकळी

मामा, वाद अर्धवट टाकून उठायची तुमची खोड जुनीच, पण या खेपेला तुम्ही हद्द केलीत. देवीनं दिलेली डावी पाकळी म्हणजे होकार की नकार, यावर आपलं सकाळपासून चाललं होतं. मी तुम्हाला चांगलं कोंडीत पकडलं होतं. तर तुम्ही म्हणालात, "आधी च्या दी गो बाय, मागीर बोलूया." मी चहा दिला, पोदेराच्या भट्टीतला उंडा पाव दिला, आत जाऊन परत येते तो तुम्ही ओसरीवरच्या कदेलात, खुर्चीच्या पाठीवर मान टाकून बसलेले. उंड्याचा भिजलेला तुकडा बोटांत तसाच. आता ते नंतरचं "मागीर" मी कोणाशी बोलायचं?

सासऱ्याशी कोणी असं भांडतं का, असं मये गावाहून आलेली माझी आई मला विचारते. तिच्या माहेरी सासऱ्यासमोर सुना भिंतीआड उभ्या राहायच्या. तिला काय सांगणार, की तुम्हाला जाऊन महिना होत आला आणि मला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या भांडणांचीच. नवरा सुदेश जहाजावरच्या भटारखान्यात, सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. हळर्णातल्या एवढ्या मोठ्या घरात आपण दोघंच. दोघांनी भांडायचं नाही तर करायचं काय?

येणारे-जाणारे तुम्हाला देवमाणूस म्हणतात. मी मान हलवते. देवमाणूस खरेच, कारण देवाला विचारल्याशिवाय तुम्ही विहिरीवरचा पंपसुद्धा बदलला नाहीत. काही ठरवायचं म्हटलं की नारळ घेऊन सातेरी देवीच्या देवळात. तिथे गुरव मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवणार, तुमचा प्रश्न देवीला सांगणार, आणि सगळे श्वास रोखून बघत बसणार. उजवीकडची पाकळी आधी गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. पंपाला डावी पडली म्हणून तो अख्खा उन्हाळा आपण दोघांनी माडांना कळशीनं पाणी घातलं. माझे हात सोलून निघाले. मी म्हटलं, गुरवानं पाकळी जरा सैल लावली असेल. तुम्ही कळशी खाली ठेवून म्हणालात, "देवीची पाकळी ती. ती कोणी सरकवूची नाय."

हे वाक्य मी पदरात बांधून ठेवलं होतं. पुढे उपयोगी पडलं.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तेव्हा मी आणि सुदेशनं म्हापशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे उपचार घ्यायचं ठरवलं. पहिली खेप फुकट गेली. दुसऱ्या खेपेला मी सुदेशला फोनवर सांगून टाकलं, ही शेवटची, यानंतर मी पोटाला सुई लावून घेणार नाही. तो रजेवर आला तेव्हा त्याचं जे काही द्यायचं ते दवाखान्यात गोठवून ठेवून परत जहाजावर गेलेला. मग माझ्यासोबत जाणार कोण? तुम्ही व्हॅनची किल्ली उचललीत. "गाडी माझी, रस्तो वळखीचो. मी भायर बसतलंय."

भायर म्हणजे खरोखरच बाहेर, फाटकाच्या पलीकडे उन्हात. बायकांच्या दवाखान्यात पुरुषमाणसानं कसं शिरायचं? शेवटी नर्सनं तुम्हाला हाताला धरून आत आणून बसवलं. समोरच्या भिंतीवर बाईच्या पोटातल्या अवयवांचं हे एवढं रंगीत चित्र. तुम्ही मान वळवलीत, तर त्या भिंतीवर त्याहून मोठं. मग तुम्ही जे छताकडे बघत बसलात ते आम्ही निघेपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी मला हळूच विचारलं, "मामांच्या मानेला काही झालंय का?"

परतीच्या वाटेवर कोलवाळचा पूल लागला. पूल ओलांडल्यावर समोर बघत विचारलंत, "गो बाय, डॉक्टरीण किते म्हणता?" मी सरळ सांगायला लागले, की अंडाशयात पाण्यानं भरलेल्या बारीक पिशव्या असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात, प्रत्येकीत एक अंडं. अंडाशय हा शब्द कानावर पडताच तुम्ही गाडी जवळजवळ शेतात घातलीत. तेव्हा आपल्या लक्षात आलं, की आपल्याला दुसरी भाषा लागणार.

ती तुम्हीच काढलीत, काजूची. अंडाशय म्हणजे काजीचं झाड. पिशवी म्हणजे बोंडू, त्याचं रसाळ फळ, आणि आतलं अंडं म्हणजे बी. "आमच्या बोंडवाक बी भायर, हांगा भितर, इतकोच फरक," असं म्हणून तुम्ही गाडी परत रस्त्यावर आणलीत. आणि सुदेशनं गोठवून ठेवलेलं जे होतं, त्याला तुम्ही नाव दिलंत "सुदेशाचो वांटो". पुढे दर वेळी दवाखान्यात पोचलो की तुम्ही नर्सला गंभीरपणे विचारायचात, सुदेशाचो वांटो थंडीत बरो आसा मगो? ती बिचारी पहिल्यांदा जमिनीच्या वाटणीचं काही असेल असं समजली.

पण तुम्हाला समजायचं होतं, हे मी कबूल करते. घरातल्या कोणी मला एवढे प्रश्न विचारले नाहीत. मी सांगितलं, दर महिन्याला झाडावर बरेच बोंडू धरू बघतात, पण पिकतो एकच, बाकीचे कोवळेपणीच गळतात. मी पोटात टोचून घेते ते हार्मोनच, म्हणजे झाडाला वरखत. ते पुरेसं मिळालं की गळणारेही तग धरतात. आणि वाढणारा बोंडू स्वतःचंही एक हार्मोन रक्तात सोडतो, म्हणून तर रोज उठून रक्त तपासतात. तुम्ही लगेच म्हणालात, "वास गो तो. पिकाक लागले काय बांधावरसून वास येता." डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हसल्या, आणि पुढच्या वेळेपासून रक्ताचा कागद वाचून मला सांगायला लागल्या, "मामांना सांगा, वास सुटला."

इंजेक्शनं थंड ठेवायची, म्हणून फ्रिजच्या दारातली गावठी अंडी काढून त्या खाचांत तुम्ही ती ओळीनं मांडलीत. जागा बरोबरच निवडलीत म्हणा. मी कुझीनमध्ये ओट्यापाशी टोचून घेताना तुम्ही दाराबाहेर पाठमोरे उभे राहायचात आणि विचारायचात, "झालां?" मी म्हणायचे, अजून नाही. "झालां?" अजून नाही. सुईपेक्षा ते तुमचं विचारणंच जास्त टोचायचं. पण एके दिवशी तुम्ही शेजारी बाराव्याला गेलात आणि मी एकटीनं टोचून घेतलं, तर मीच रिकाम्या दाराला सांगितलं, झालं.

मग आपलं पहिलं मोठं भांडण. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक इंजेक्शन सुरू केलं, पिकलेले बोंडू अवेळी पडू नयेत म्हणून. तुम्हाला ते पटेना. "बोंडू कोणी झाडावरसून काडता? पिकलो काय आपसूक पडता, मागीर वेचूचो. झाडार हात घालता तो चोर." मी म्हटलं, मामा, हा पडला तर पोटात कुठे जाऊन पडेल ते शोधता येत नाही. गवतात हरवला की संपलं. म्हणून पडू द्यायचा नाही, पिकायचा शेवटचा इशारा देणारं इंजेक्शन द्यायचं, आणि पडायच्या आधी सुईनं आतली बी काढून घ्यायची. तुम्ही धारगळपर्यंत विचार केलात. "म्हणजे पडूच्या आदी चोरूचो." होय, मी म्हटलं. तुम्ही गियर बदललात. "चोरीण हुशार आसा."

आणि मग आली ती सोनोग्राफी. पडद्याच्या आत मी, बाहेर तुम्ही छताकडे बघत. डॉक्टरीणबाई मदतनिसाला मोठ्यानं सांगत होत्या, "उजवीकडे काही नाही. जे आहे ते सगळं डावीकडे." मला आनंद झाला, कारण मागच्या खेपेला कुठेच धड नव्हतं. बाहेर येऊन बघते, तर तुमच्या चेहऱ्यावर सुतक.

"उजव्यान एकूय नाय?" तुम्ही गाडीत विचारलंत.

"आहेत, बारीक. वाढत नाहीत. पण डावीकडे छान वाढलेत."

"डाव्यान बरे कशे आसतले?"

मी समजावलं, की शरीराचं डावं वेगळं आणि देवीचं डावं वेगळं. शिवाय देवीची उजवी ती समोरून बघणाऱ्याच्या डावीकडेच येते की नाही? तुम्ही व्हॅन बाजूला घेऊन थांबवलीत. स्वतः देवी होऊन हात पसरलेत, मग मला देवी केलंत, मग विचारलंत, "डॉक्टरीण तुज्या समोर बसता. मगे ती सांगता ती तिची डावी काय तुजी?" माझीच, मी म्हटलं. "मगे कठीण आसा," म्हणून तुम्ही गाडी सुरू केलीत. मागून येणारा खडीचा ट्रक आपल्याला काय काय बोलून गेला ते तुम्हाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ करून नारळ घेऊन निघालात. मी काही त्यातली नव्हे, पाकळी ओली असते आणि सुकली की गळते, एवढंच मला ठाऊक. तरी मी उंबऱ्यावर उभी राहून वाट बघत होते. तुम्ही चपला काढल्यात, पाय धुतलेत.

"काय झालं?"

"डावी."

मी तिथेच पायरीवर बसले. मला स्वतःचाच राग आला. मी म्हटलं, मग थांबूया, इंजेक्शनं बंद करते, सुदेशला आज कळवते. मला रडू आवरेना. तुम्ही आत गेलात, स्वतःच्या हातानं पेज वाढून घेतलीत, आंब्याच्या लोणच्याची फोड चोखून संपवलीत, हात धुतलेत आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिलात.

"देवीन डावी दिली. म्हणजे आसा तां डाव्यान आसा. डॉक्टरीण बरोबर सांगता."

पंपाच्या वेळी ज्या माणसानं मला एक अख्खा उन्हाळा पाणी वाहायला लावलं, तो माणूस हे बोलत होता. "मामा, ही लबाडी आहे. डावी म्हणजे नकार. पाकळी सरकवायची नाही, तुम्हीच म्हणता."

"मी खंय सरकयली? देवीन बाजू दाखयली. ऊठ, सुईची वेळ जाली."

हेच ते भांडण. मी, न मानणारी, म्हणत होते नकार. तुम्ही, मानणारे, म्हणत होतात होकार. ते आपण शेवटच्या चहापर्यंत भांडलो, आणि मधल्या काळात मी इंजेक्शनं घेत राहिले. सुदेशला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, बाबांनी देवीचा शब्द फिरवला? जहाजावर बसून त्याला विश्वास बसेना.

अंडी काढली, सगळी डावीकडचीच. मी गुंगीत होते, पण तुम्ही बाहेर नर्सला दोनदा विचारलंत म्हणे, बिया मिळाल्या का आणि बाय जागी झाली का. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, की सुदेशच्या वाट्याशी जुळणी झाली, काही अंड्यांत दोन दोन ठिपके दिसतायत. तुम्हाला ठिपक्यांचा अर्थ हवा. मी सांगितलं, एक आईकडचा, एक बापाकडचा, ते मग एकमेकांत मिसळतात, एकाचे दोन होतात, दोनाचे चार. तुम्ही काळजीत पडलात. "भांडतत तर नाय?"

आणि रिकामे झालेले बोंडू? त्यांचं पुढे काय होतं, हे तुम्हीच विचारलंत. माझ्या ते डोक्यातही नव्हतं, मी डॉक्टरीणबाईंना विचारून आले. अंडं काढून घेतलं तरी ती पिशवी वाया जात नाही. ती आणखी एक हार्मोन करते, त्यानं गर्भाशयाचं अस्तर मऊ आणि जाड राहतं, गर्भाला बसायला. त्या तेवढ्यावर विसंबत नाहीत, वरून गोळ्या देतात, पण ती आपलं काम करत असते. तुम्ही खूश झालात. "म्हणजे रस काडल्यार उरलेलो चोथो. चोथोय टाकूचो नाय." त्या दिवसापासून कोणी तब्येत विचारली की तुम्ही सांगायचात, "मी आता चोथो. पण कामाचो आसंय." लोक हसायचे, मीही हसायचे.

गर्भ आत सोडायच्या आदल्या दिवशी सुदेश आला. पहिल्यांदाच व्हॅन त्यानं चालवली, आणि तुम्ही मागच्या सीटवर माझ्या शेजारी. परत निघताना डॉक्टरीणबाईंनी गर्भाचा फोटो दिला, करड्या रंगाचा, मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा. तुम्ही चष्मा लावून बघितलात.

"सुदेशासारखो दिसता."

"मामा, अजून नाक-डोळे नाहीत."

"तोय जल्मल्यार असोच वाटकुळो आसलो."

मग तुम्ही खांद्यावरचा धुतलेला पंचा काढलात, फोटो त्यात गुंडाळलात, मांडीवर ठेवलात आणि दोन्ही हात त्यावर. म्हापशापासून हळर्णापर्यंत प्रत्येक गतिरोधकाला तुमचं आपलं "सावकाश रे, सावकाश." शेवटी सुदेश वैतागला. "बाबा, फोटो तो. फुटूचो नाय." तुम्ही त्याला म्हणालात, "तू फुडे बघ." मी शेजारी बसून हसत होते, आणि पोट हलू नये म्हणून हसणं दाबत होते. खरा ऐवज माझ्या पोटात, आणि मला कोणी विचारत नव्हतं.

घरी आल्यावर तुमच्या ताकिदी. कळशी उचलायची नाही, वाकायचं नाही, जोरात शिंकायचंसुद्धा नाही. शिंक कशी अडवायची हे काही सांगितलं नाहीत. त्यानंतर चारच दिवसांनी ती चहाची सकाळ. मामा, तुम्हाला उचलून आत आणलं तेव्हा मी दारात उभी होते आणि मला मोठ्यानं रडता येईना. शिंकू नको म्हणालेल्या माणसासमोर हंबरडा कसा फोडायचा? बायका म्हणाल्या, सून धीराची. धीर कसला, मी फक्त तुमचं ऐकत होते.

तपासणीचा निकाल सुतकात आला. आहे, म्हणून. ओसरीवर माणसं बसलेली, तुमच्या फोटोपुढे दिवा, आणि सुदेश नि मी मागीलदारी काजीच्या झाडाखाली एकमेकांचे हात धरून उभे. हसायची सोय नाही आणि रडायची मनाई. सुदेश म्हणाला, बाबांना सांगायला हवं होतं. मी म्हटलं, त्यांना सांगितलं असतं तर आधी म्हणाले असते, बघ, डावीच.

परवा सोनोग्राफीत ठोके दिसले. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, कुठल्या बाजूला? त्या म्हणाल्या, मधोमध. त्यांना वाटलं मी उगाच विचारते.

त्याच संध्याकाळी वासू गुरव आला. ओसरीवर बराच वेळ बसला, पाणी प्याला, तुमच्या रिकाम्या कदेलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वयनी, एक सांगूचां आसा. त्या दिसा मामान तुजी गजाल देवीक विचारलीच नाय."

मी म्हटलं, म्हणजे?

"चार माणसां बसलेली देवळात. मामा म्हणालो, सुनेच्या पोटातली गजाल चवाट्यार कशी मांडू? तिका बरां दिसाचां नाय. मागीर माज्या कानात म्हणालो, माजीच विचार. नातवंड माज्या मांडयेर येतलां काय, तां विचार. आणि डावी पडली." वासूनं तांब्या खाली ठेवला. "मामा हसलो थोडो. म्हणालो, घरा सांगा नको."

मामा, मला तुमचा असा राग आलाय. तो नकार तुमचा होता. तो तुम्ही देवळातून एकट्यानं घरी आणलात, पेज जेवलात, आणि मी पायरीवर बसून रडतेय हे बघून त्याचा माझ्यासाठी होकार करून दिलात. आणि मी तुम्हाला लबाड म्हटलं. एकदा नव्हे, रोज म्हटलं. तुम्ही आपले "देवीन बाजू दाखयली" एवढंच म्हणत राहिलात. मी तुमचे उपकार कसे मानू, ते तरी सांगून जायचं होतं.

पण वाद अजून मिटलेला नाही. वासू गेल्यावर मी देवघरात गेले. तुम्ही ठेवलेला तो पंचा तसाच आहे, देवीच्या तसबिरीखाली, घडी न मोडलेला. मी तो उघडून बघितला. पिठाचा गोळा. आता त्याच्या छातीत ठोके आहेत.

पाकळी डावी पडली असेल, मी नाही म्हणत नाही. देवीची पाकळी कोणी सरकवायची नाही. पण म्हापशाहून निघालो तेव्हा तो पंचा कुठे होता, हे तुम्ही देवीला एकदा विचारा. तुम्ही त्याला मांडीवर घेतलंत, मामा. मी शेजारीच बसले होते.